जवसाचं तेल आणि बहिणीचं लग्न

माझ्या नवऱ्याला मोटारसायकल दुरुस्त करता येते असं आमच्या घरात एकाच माणसाला वाटायचं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही कळंबला राहायचो. हे तिथल्या कापसाच्या जिनमध्ये लाकूडकामावर मिस्त्री होते. जिनच्या मालकांनी मोटार घेतली तेव्हा त्यांच्या आवारात जिच्यावर कोंबड्या बसायच्या ती जुनी मोटारसायकल त्यांनी यांना देऊन टाकली. ती लढाईत वापरलेली होती म्हणे. तिथे ती कोणाच्या बाजूनं लढली ते मला माहीत नाही, आमच्या घरी आल्यावर मात्र ती माझ्याशीच लढली. अंगण तिचं, सावली तिची, धुतलेली फडकी तिची. मी आपली उन्हात निवडणं करत बसायची.

तरी गाडीचं काम मोठं होतं, हे मी नाकबूल करणार नाही. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून आमच्या लोकांची लग्नं नव्या पद्धतीनं लागू लागली होती. हळद नाही, देवक नाही, मुहूर्त नाही. पांढरे कपडे, वंदना, पंचशील, नवरानवरीच्या शपथा आणि फुलं. पण ते सगळं न अडखळता म्हणणारी माणसं आमच्या भागात फार थोडी. यांचा आवाज खणखणीत आणि पाठांतर पक्कं, म्हणून दर आठवड्याला कुठून ना कुठून बोलावणं यायचं आणि हे गाडी काढून जायचे.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. माझं माहेर मारेगावजवळच्या एका खेड्यात. मुलगा चांगला, शिकलेला, पण घरात सगळं त्याच्या आज्याच्या हातात. आज्याला ही नवी पद्धत पटत नव्हती. मुहूर्ताशिवाय लागलेला संसार टिकेल कसा, असं त्याला खरोखरच वाटायचं. शेवटी त्यानं माझ्या वडिलांना अट घातली. लग्नाच्या दिवशी दिवे लागायच्या आत तुमचा माणूस येऊन लग्न लावेल तर ठीक, नाही तर आमच्या वऱ्हाडातला म्हातारा मंगलाष्टकं म्हणेल आणि जुन्या रीतीनं लावेल. वडिलांनी मान डोलावली. बहिणीनं डोलावली नाही. मी भेटायला गेले होते तेव्हा ती मला चुलीपाशी ओढून म्हणाली, "बाई, जुन्या पद्धतीनं लावलं तं मी उभीच राहनार नाही. भाऊजीले येळेवर आनजो." ती लहानपणापासून बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी. उभी राहणार नाही म्हणजे नाहीच राहणार, आणि मग भरल्या मांडवातून वऱ्हाड परत जाणार. वडिलांनी ते सोसलं नसतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन असं ओरडायचं की शेजारची म्हैस दावं तोडू पाहायची, पण गाडी पायी चालणाऱ्याच्या मागून यायची. यांनी अंगणात पोतं अंथरलं, डाव्या अंगाचं झाकण उघडलं, स्प्रिंगा काढून माझ्या भाकरीच्या टोपलीत ठेवल्या आणि आतून बशीएवढ्या चकत्या एकामागून एक बाहेर काढल्या. चकत्यांमध्ये बुचाचे तुकडे बसवलेले असतात, तेच एकमेकांना घट्ट धरतात आणि गाडी ओढतात, हे मला त्या दिवशी कळलं. बुचं झिजून गेली होती. नवी नागपूरला मिळतील, असं जिनमधल्या ड्रायव्हरनं सांगितलं. यांनी नागपूरचा नाद सोडून सरळ मोहल्ल्यावर धाड घातली. औषधाच्या बाटल्या, रॉकेलच्या बाटल्या, कोणाच्या घरच्या मधाची बाटली, सगळ्यांची बुचं गोळा झाली. नंतर कितीतरी दिवस आमच्या मोहल्ल्यातलं रॉकेल चिंध्यांचे बोळे लावून ठेवलेलं असायचं आणि बाया माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या.

ती बुचं यांनी कापली आणि माझ्या पाट्यावर घासून सारखी केली. त्या आठवड्यातला ठेचा ज्यांनी आमच्याकडे खाल्ला, त्यांनी पुन्हा मागितला नाही. घासता घासता यांची वंदना चालायची, कारण बहिणीच्या लग्नात एकही शब्द चुकायला नको होता. मी चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. तिसरं शील झालं की दर वेळी यांचा हात अडायचा आणि हे म्हणायचे, "तो पाना दे." मी पाना द्यायची, मग चौथं शील व्हायचं. असं रोज.

चकत्या बसल्या. आता झाकणाच्या आत तेल ओतायचं होतं. जिनमध्ये मशीनचं तेल पिंपानं होतं, पण यांनी स्वयंपाकघरात येऊन जवसाच्या तेलाची बरणी उचलली.

मी म्हटलं, "अवो, जवसाच्या तेलात भजे तळतेत. गाडीत कायले ओतून राह्यले?"

"बूच म्हन्जे झाडाची सालच हाय नं," हे म्हणाले. "लाकडाले जवसाचं तेल पाजलं की लाकूड पक्कं होते. जिनचे दरवाजे पाय."

जिनचे दरवाजे खरंच पक्के होते. त्यांना लावलेलं जवसाचं तेल काही दिवसांत वाळून कडक होतं, हे यांच्याइतकं कळंबात कोणालाच ठाऊक नव्हतं. तेच तेल गाडीच्या पोटात गेल्यावर स्वभाव बदलेल असं यांना का वाटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्या दिवशी गाडी झकास चालली. यांनी मोहल्ल्यातून तीन फेऱ्या मारल्या. मग जिनमध्ये कापसाची गर्दी उसळली, यांना उसंत मिळेना, आणि गाडी भिंतीशी फाल्गुनाच्या उन्हात तापत उभी राहिली.

सुटी मिळाली ती लग्नाच्याच दिवसाची. पहाटेच्या बसनं जाऊ, असं मी आदल्या दिवसापासून घोकत होते. पण लग्न लावणाऱ्या माणसानं बसमध्ये कोंबड्यांच्या टोपल्या मांडीवर घेऊन जायचं, हे यांना पटेना. बस गेली. मग यांनी गाडी धुतली, पुसली, जेवण केलं आणि दुपारी किक मारली, क्लच दाबला आणि गिअर टाकला. गाडीनं पुढे उडी मारली, झेंडूच्या कुंडीला धडकली आणि बंद पडली. पुन्हा तेच. क्लच दाबला काय, सोडला काय, आतल्या चकत्या सुटायला तयार नव्हत्या. जवसानं आपलं काम चोख केलं होतं. सगळ्या चकत्यांची मिळून एकच चकती झाली होती.

उघडून साफ करायचं तर अर्धा दिवस गेला असता. दुसरी बस संध्याकाळी. मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. हे गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "क्लच फकस्त थांबायले लागते. आपन थांबूच नाही."

मोहल्ल्यातल्या माणसांनी गाडी गिअरमध्येच ढकलली. बुचांचा राग विसरून सगळे आले, की गाडी एकदाची गावाबाहेर जावी म्हणून आले, देव जाणे. इंजिन धरलं तसं मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, धावले आणि मागे बांधलेल्या गोधडीवर उडी मारली. तेव्हा मी तरुण होते, म्हणून जमलं.

आता गाडी चालू होती आणि थांबली तर पुन्हा ढकलायला माणसं हवी होती. भोंपूचा रबर उन्हानं तडकलेला. म्हणून भोंपूचं काम यांच्या गळ्यानं करायचं ठरलं. कापसाचे दिवस, रस्त्यानं बैलगाड्यांची रांग. प्रत्येक गाडीवानाला आणि बहुतेक बैलांना यांनी वेगवेगळं ओरडून सांगितलं की सरका, गाडी थांबत नाही. राळेगावला बाजार भरलेला. त्यातून आम्ही हाळी देत गेलो तेव्हा लोकांना वाटलं सर्कस आली, आणि थोडी माणसं तंबू कुठे लागला ते विचारत मागे धावली. एका पोलीस जमादारानं हात वर केला. यांनी जाता जाता त्याला नमस्कार केला, मीही केला. वडकीपाशी ओळखीचा एक गृहस्थ दिसला. त्याला मुलाच्या लग्नासाठी यांना ठरवायचं होतं. तो गाडीबरोबर धावत विचारत राहिला आणि हे ओरडून उत्तरं देत राहिले. वैशाखातली पौर्णिमा पक्की झाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला होता.

मी दोनतीनदा सांगितलं की गळा जपा, अजून लग्न लावायचं आहे. हे वळून म्हणाले की माझ्या गळ्याला काही होत नाही. तेही ओरडूनच म्हणाले.

माहेरच्या गावात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवातली सगळी माणसं आवाज ऐकून बाहेर आली. यांनी इंजिनचा जोर कमी केला, ब्रेक लावला, तरी गाडी आपली चाललीच होती. शेवटी कुंपणाशी जळणासाठी रचलेला पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग होता, त्यात यांनी ती घातली. पऱ्हाटी बोचते, पण मोडते, म्हणून आमची हाडं वाचली. वडील धावत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. हे उठले, धोतर झटकलं, वडिलांना जयभीम करायला तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसता वारा आला.

मग जो तो वैद्य झाला. मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं दूध, मिरे, ज्येष्ठमध, कोणीतरी कांद्याचा रस. यांचं पोट भरलं, गळा उघडला नाही. सूर्य गोठ्याच्या छपराला टेकला. नवऱ्या मुलाचा आजा मांडवाच्या खांबाला टेकून सगळं बघत होता. तो म्हणाला, "मंत्रवाला आला, पन मंत्र नाही आला." मग त्यानं आपल्या म्हाताऱ्याला हातपाय धुऊन घ्यायला सांगितलं. वडील जमिनीकडे बघत उभे राहिले. अट त्यांनीच मान्य केली होती.

तेवढ्यात माझी बहीण आतून बाहेर आली. नवरी अशी न बोलावता बाहेर येत नाही. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, "बाई, तू रोज ऐकते, तुले येते सारं. तू म्हन."

आज्यानं विचारलं, "बाईमानूस लगन लावते काय?"

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. एरवी अशा प्रश्नावर यांनी तासभर सांगितलं असतं. आता यांना बोलताच येत नव्हतं. यांनी आपल्यासाठी मांडलेली चटई उचलली, माझ्यापुढे अंथरली आणि स्वतः समोर पोरांच्या ओळीत जाऊन बसले. तेव्हा नवरा मुलगा, जो आज्यापुढे कधी तोंड उघडत नव्हता, हळूच म्हणाला, "आबाजी, मले चालते."

विहिरीवरच्या भांडणाखेरीज मी चार माणसांत कधी आवाज चढवला नव्हता. सुरुवातीचा शब्द मलाही ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा म्हटला, तेव्हा मांडवानं मागून म्हटला. मग चालू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, आणि तिथे माझी जीभ अडली. डोक्यात दुसरं काही येईना, नुसतं "तो पाना दे". मांडव वाट बघत होता. मी यांच्याकडे पाहिलं. यांना कळलं. यांनी मांडीवरच हातानं पाना फिरवल्यासारखं केलं, आणि चौथं शील माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. पुढे मी कुठेच थांबले नाही. बहिणीनं शपथ इतक्या मोठ्यानं घेतली की गोठ्यातली गाय हंबरली. फुलं पडली. आत कोणीतरी कंदील लावत होतं. मला रडू आलं आणि मी मनसोक्त रडले.

जेवणं उरकल्यावर आजा माझ्याकडे आला. लग्न लागताना तो मागून म्हणत होता, ते मी पाहिलं होतं. ओठ हलत होते, शब्द चुकत होते, पण म्हणत होता. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "माह्या नातीचं लगन हाय औंदा. तू येजो. पन बसनं येजो."

मी हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला न विचारता हो म्हटलं, आणि ते म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. हे मागेच उभे होते. मी वळून पाहिलं. आवाज असता तर यांनी आधी गाडीची बाजू मांडली असती. यांनी नुसती मान हलवली, आणि खाली वाकून माझ्या पदरात अडकलेली पऱ्हाटीची काडी काढून टाकली.