कुराहाशींनी परत दिलेली निगेटिव्ह

मी पहाटे तोफूचं दुकान उघडायचे, तेव्हा तिपाई खांद्यावर टाकून नदीकडे निघालेले कुराहाशी-सान हमखास दिसायचे. जन्मभर गावात टपाल वाटलं, निवृत्त झाले आणि हे खूळ डोक्यात शिरलं. एका खंड्या पक्ष्यासाठी हा माणूस तीन हिवाळे चिखलात बसला. "त्या पक्ष्याला तरी कंटाळा येऊ द्या," मी तोंडावर सांगायचे. ते नुसते हसायचे.

पण खरं सांगू, त्यांचा खंड्या बरा, माणसं मात्र अफाट. पांढरे मुळे धुणाऱ्या बायका, उत्सवात देवाची पालखी उचलून धापा टाकणारे शाळामास्तर. मीसुद्धा गिऱ्हाइकावर खेकसताना सापडले होते. फोटो बघून आधी भडकले, मग दुकानात लावला. फोटो ते नकळत काढायचे, पण विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत. कुणी नको म्हटलं, की निगेटिव्ह त्याच्याच हातात द्यायचे. एकही प्रत ठेवायचे नाहीत.

गेल्या शरदात तोकुजी सुतार सकाळी चहा पिता पिता गेला. त्याला कॅमेऱ्याचं भारी वावडं. अंत्यविधीला फुलांच्या मधोमध ठेवायला घरात एकच फोटो, वाहन परवान्यावरचा. त्यात तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसत होता. त्याची बायको फुसाए तो हातात धरून रडत होती. चाळीस वर्षं संसार केला आणि आता लोकांना हा चेहरा दाखवू का, म्हणाली. माझ्याच्यानं बघवेना. मी तडक कुराहाशींकडे गेले.

त्यांनी सांगितलं, चार वर्षांपूर्वी नदीकाठी त्याचा एक फोटो काढला होता. तोकुजी नको म्हणाला, त्यांनी निगेटिव्ह देऊन टाकली. माझं डोकंच फिरलं.

"एक प्रत लपवून ठेवली असती, तर आभाळ कोसळणार होतं का?"

"मग माझ्यासमोर या गावात कुणी मोकळं हसलं असतं का?" ते शांतपणे म्हणाले.

ते माझ्याबरोबर फुसाएच्या घरी आले, खाली वाकून तिची माफी मागितली आणि सगळं सांगितलं. त्यानं फेकलीच असणार, असं म्हणत तिनं कपाटं उपसली. काही नाही. शेवटी त्याच्या हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यात बारीक पटाशीच्या कप्प्यात, तेलकट कागदात गुंडाळून, त्यानं ती जपून ठेवली होती. फुसाएनं ती कुराहाशींच्या हातात ठेवली.

कुराहाशींनी लगेच घरी जाऊन, न्हाणीघरात अंधार करून फोटो धुतला. तोकुजी तोंडात घास असताना खदखदून हसत होता. इतकं सुंदर हसणारा माणूस आमच्या शेजारी राहत होता, आणि आम्हाला पत्ता नाही.

अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस म्हणाला, नेहमीसारखा फोटोत अंगावर काळा किमोनो जोडून देतो, हनुवटीवर भाताचं शीत आहे तेही पुसतो.

फुसाएनं फोटो त्याच्या हातातून काढून घेतला.

"शिताला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तो भात मी केला होता."