लिंबात रात्रभर मुरलेला मासा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही माझे कुणी नाही — म्हणूनच बहुतेक तुमच्यापुढे तोंड उघडतंय. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

गोष्ट एका माशाची आहे. हसू आलं ना? येऊ द्या.

आमचं घर लोणखेड्याला. एका अंगणात दोन चुली — एक माझी, एक माझ्या मोठ्या जाऊबाईंची, सुलोचनाबाईंची. माझं माहेर प्रकाशा गावचं, तापीच्या काठचं. वडील जाळं टाकायचे, आई टोपली घेऊन मासळी विकायची. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती मला न्यायला आली. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ताजा रोहू घेऊन आली. जाऊबाईंनी तिला ओट्यावरच बसवलं. उन्हात. पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. आणि फडक्याकडे बोट करून म्हणाल्या, "हाऊ वास मन्हा घरमां नको."

याच घरात रविवारी मटण शिजायचं — म्हणजे बघा.

मी दारातच उभी राहिले, हातात नवा हिरवा चुडा. मासा आईनं तसाच परत घेतला. बसमध्ये सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत होती. पुन्हा त्या घराची पायरी ती चढली नाही. माझ्या मुलीच्या बारशालासुद्धा नाही. मग ती वारलीच.

तुम्ही विसरला असतात? मी सणासुदीला जाऊबाईंच्या पाया पडायचे. त्यांच्या निखिलला न्हाऊ-माखू घालायचे. आणि मनात म्हणायचे — थांबा. कशासाठी थांबा, ते मलाही ठाऊक नव्हतं.

निखिल शिकला, पुण्यात नोकरीला लागला, तिथलीच मुलगी त्यानं पसंत केली. तिचे आईवडील घर बघायला येणार होते. वडील मासळीचे शौकीन. म्हणून तो आदल्या दिवशी थर्माकोलच्या डब्यात, बर्फात घालून सॅल्मन घेऊन आला. मी तो मासा पहिल्यांदाच बघत होते — पिकल्या पपईच्या रंगाचा, बोटाला लोण्यासारखा. या माशाचा वास कुणाला आला नाही. तो थेट जाऊबाईंच्या फ्रिजमध्ये गेला, देवाच्या प्रसादाच्या वर.

निखिल म्हणाला, "काकू करतील. त्यांना माशातलं कळतं."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "मन्हा आंडोरना पाव्हना शेतस. मीच करसू." मुलगा त्यांचा, पाहुणे त्यांच्या मुलाचे — बरोबरच होतं त्यांचं.

संध्याकाळी निखिल बाहेर गेल्यावर त्या माझ्या चुलीपाशी आल्या. पदरात लिंबं होती. हळूच विचारलं, "लिंबू कितलं लावानं? नि कितला येळ ठेवानं?"

मला माहीत होतं. मासा कुठलाही असो, मीठ-हळद-लसूण आधी चोळावं, लिंबू मात्र तव्यावर टाकायच्या जरा आधी, हात राखून. जास्त वेळ राहिलं तर लिंबूच मासा शिजवतं — पांढरा पडतो, भुगा होतो. कोळ्याघरच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही.

मी म्हणाले, "सगळं लिंबू पिळा. रातभर ऱ्हाऊ द्या. वास पुरा निंघी जाई."

वास — हा शब्द मी मुद्दाम वापरला.

दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकताच तुकड्यांचा चुरा झाला. जे वाचलं ते आंबट ढाण, तोंडात खडूसारखं. मुलीच्या वडिलांनी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि वरण-भाताकडे वळले. मुलीची आई म्हणाली, "असू द्या हो." त्या 'असू द्या'पेक्षा शिवी बरी. आणि निखिल — भर पंगतीत म्हणाला, "आई, कशाला हात लावलास? तुला जमत नाही तर काकूंना करू द्यायचं होतं ना!"

जाऊबाई आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या मोरीपाशी उभ्या राहून तो चुरा खात होत्या, टाकवत नव्हता म्हणून. मला म्हणाल्या, "तू सांगं तसंच करेल व्हतं ना मी? मग मन्हा हात कसा चुकना?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मीठ जास्त व्हयनं असेल."

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. काय गोड लागल्या!

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बरं केलंस. आईचं उट्टं काढलंस. मलाही इथंच थांबायला आवडलं असतं. पण मी एक गोष्ट गाळली — मघाशी, चुलीपाशी.

लिंबाचं विचारण्याआधी जाऊबाई माझ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. माझा हात हातात घेतला होता. म्हणाल्या होत्या, "तुन्ही मायले मी भाहेर बसाडं. चुकनं मन्हं. ती जित्ती ऱ्हाती ते पाय धरतू तिन्हा." डोळे भरले होते त्यांचे. खोटं नव्हतं ते — खोटं मला ओळखू येतं. आणि मग, नाक पुसून, त्यांनी लिंबाचं विचारलं.

म्हणजे माफी मागून झाली होती. मी ती ऐकली होती. ऐकून, त्यांचा हात हातात असतानाच, मी सांगितलं — रातभर ऱ्हाऊ द्या.

निखिलचं लग्न झालं. तो येतो, तेव्हा आधी मला फोन करतो — काकू, जेवण तुमच्याकडेच. जाऊबाई आता एकट्याच आहेत. स्वतःपुरती डाळ करतात, आणि ती वाटीत घेऊन अंगण ओलांडून येतात. विचारतात, "पाह्य ना, मीठ बरोबर शे का?"

मी चाखते. मीठ अगदी बरोबर असतं.

"कमी शे," मी म्हणते.