हंगामापुरता पंप
बागायतदाराला एखादी गोष्ट पटली नाही, तर ती ब्रह्मदेवालाही पटवता येत नाही. माझे वडील द्राक्षबागायतदार होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. तासगावच्या बाजूला आमची बाग. दमा त्यांना जुनाच. धुकं पडायला लागलं की बागेला रोग आणि आण्णांना दम, दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. खिशात निळा पंप असायचा. छाती आवळली की तो तोंडात मारायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. डॉक्टरांनी दुसराही एक पंप दिला होता, दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. तो फळीवर खोक्यातच पडून असे.

"बरा आसताना औशद घ्यायला मला काय याड लागलंय व्हय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यापुढे बोलायची सोय नसे.

मी लग्न होऊन साताऱ्यात आले होते. शेवटी मीच एकदा त्यांना सांगलीला नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर द्राक्षवाल्या घरातलेच. त्यांनी छाती तपासली आणि औषधाचं काही न बोलता विचारलं, "आण्णा, दावण्या पडल्यावर फवारता का हो तुम्ही?" दावण्या म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा रोग, हां हां म्हणता घड खलास करणारा.

"पडल्यावर फवारून काय उपेग? आदी मारायचं आसतंय," आण्णा म्हणाले. समोर कालचं पोर बसलंय, असा सूर होता.

"मग ह्या सकाळ-संध्याकाळच्या पंपाचं तसंच आहे. आत सूज यायच्या आधी मारायचा."

गाडीत बसल्यावर आण्णा म्हणाले, "ह्या डाक्टरला कळतंय."

त्या हंगामात त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सकाळी चहाआधी अंगणात उभं राहून पंप घ्यायचा, मग खळखळून चूळ भरायची. आईने चहा लवकर आणला तर तिलाच ओरडायचे, "थांब की, फवारणी हुं दे." वस्तीवर चार जणांना त्यांनी व्याख्यान दिलं. थंडी आली नि गेली, आण्णांना दम लागला नाही. बांधावरून त्यांनी मारलेली हाक पार रस्त्यापर्यंत ऐकू जायला लागली. मी मनात त्या डॉक्टरांना हात जोडले.

मार्च सरता सरता माल उतरला. व्यापाऱ्याच्या गाड्या गेल्या की फवारणीचं सगळं सामान धुऊन-पुसून ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. आण्णांनी त्यात आपला पंपही आईच्या हातात दिला. "धुऊन ठेव. ऑक्टोबरच्या छाटणीला काढू." आईने पंपाची प्लास्टिकची नळी कोमट पाण्याने धुतली, सुकवली आणि फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरच म्हणाले होते ना, फवारणीसारखं? छातीला हंगाम नसतो, हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. आणि द्राक्षवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीही नसती. मी फोनवर विचारायची, "तब्येत कशी आहे?" ते म्हणायचे, "घोड्यावाणी हाय." तेही खोटं नव्हतं.

मे महिन्यात, एप्रिलच्या छाटणीत निघालेल्या काड्यांचा बागेतला ढीग त्यांनी पेटवला. वारा फिरला आणि धूर अंगावर आला. घरी आले ते भिंतीला धरूनच. निळा पंप घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना मिरजेला नेत होते. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो पंप तोंडाला लावून धरला होता. त्यांना आत ओढायलाच येत नव्हतं. दवाखाना यायच्या आधीच संपलं. त्यांना मिरजेला नेतायत हे कळताच मी साताऱ्याहून निघाले होते. ते गेल्याचा फोन आला तेव्हा माझी एसटी कऱ्हाडही ओलांडून गेली नव्हती.

दिवस-कार्य उरकल्यावर आईने ट्रंक उघडली आणि ते फडकं माझ्यापुढे सोडलं. तोवर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"खरं सांग पोरी. ह्ये चालू ठिवलं आसतं, तर जगलं आसतं का गं ते? मीच धुऊन ठिवला."

मी सांगलीच्या त्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. त्यांनी मान खाली घातली होती आणि मग खरं ते सांगितलं होतं. मला त्यांचा राग आला, आण्णांचा आला, त्या बागेचाही आला. आईचा मात्र येईना.

"नाही गं आई," मी म्हणाले. "ह्याने काही फरक पडला नसता. वेळच आली होती."

आई तेव्हा रडली. पोटभर रडली आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जेवली.

पुढच्या थंडीत माझा खोकला हटेना. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांचंच आलंय. मलाही तसाच पंप लागला, बारा महिने, बरं असलं तरी रोज. मी घेते. दम असा मला कधी लागतच नाही.

मे महिन्यात माहेरी जाते तेव्हा सकाळी मी पंप पदराखाली घेऊन न्हाणीत जाते. कडी लावते, बादलीत नळ सोडते, म्हणजे फुस्स झालेलं बाहेर ऐकू जात नाही. धडधाकट माणूस भर उन्हाळ्यात हे औषध घेतंय, एवढं आईला दिसलं तरी पुरे. पुढचं तिला कुणी सांगायला नको. चूळही मी आवाज न करता भरते.

बाहेरून ती विचारते, "बरी हायस न्हवं गं?"

"हो आई," मी म्हणते. "एकदम बरी आहे."