गुणाजीभाऊंचं गाऱ्हाणं

गुणाजीभाऊ आता गाऱ्हाणं घालत नाहीत. आमच्या चाळीच्या मंडळाची बस निघताना नारळ दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असतो, आणि भाऊ मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसलेले असतात. नवी पोरं मला विचारतात, काकी, काका असे का गं? मी म्हणते, गप बसा रे, तुम्हाला काय करायचंय.

विक्रोळी पार्कसाइटला त्यांची खोली आणि माझी खोली, मध्ये फक्त एक भिंत. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये जन्म गेला त्यांचा. एरवी माणूस मुका म्हटलात तरी चालेल. भाजीवाल्याने पैसे जास्त लावले तर स्वतः बोलणार नाहीत, मला हाक मारणार, "प्रेमा, जरा बघ गो." पण कोणी नवी रिक्षा घेतली, कोणाची पोरगी दहावीला बसली, मंडळाची बस गावाला निघाली, की नारळ यांच्याच हातात. डोळे मिटायचे आणि मालवणीत देवाशी बोलायला लागायचे, जसा काही देव समोरच्या बाकड्यावर चहा घेत बसलाय. प्रत्येक वाक्याला आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीतली पोरं तर त्यासाठीच जमायची, बेंबीच्या देठापासून ओरडायला मिळतं म्हणून.

आणि भाऊ काही म्हणजे काही गाळायचे नाहीत. चाळीतल्या सर्वेशच्या दुकानाच्या पूजेला त्याचं बायकोशी पटत नाही हेसुद्धा देवाच्या कानावर घातलं होतं, तेही त्याच्या सासरच्या माणसांसमोर! सर्वेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी नंतर भाऊंना झापलं, तर म्हणाले, "देवापासून लपवन कसा चालात?" आम्ही चाळभर हसलो होतो तेव्हा.

मग गणपती झाले आणि त्यांची सून जान्हवी गेली. डेंग्यूचा ताप, हॉस्पिटल, आणि बघता बघता खेळ खलास. एवढी हसरी, धडधाकट बाई. तिची अपूर्वा जेमतेम पाच वर्षांची, तेव्हा माझ्याकडे होती. सगळं तिकडूनच परस्पर उरकलं. पोरीला काय सांगायचं कोणाला सुचेना. कोणीतरी म्हणालं, आई गावाला गेलीय. झालं, तेच चिकटलं. तिचा बाप सौरभ विमानतळावर कार्गोत आहे. रोज ड्यूटीवरून यायचा आणि मला म्हणायचा, काकी, उद्या सांगतो तिला. तो उद्या काही उजाडत नव्हता. मला त्याचा राग यायचा आणि दुसऱ्या क्षणाला रडू यायचं.

दिवाळी आली. त्यांच्या दाराला त्या वर्षी कंदील नाही, घरात फराळ नाही. आम्ही शेजाऱ्यांनीच डबे दिले. अपू दारात उभी राहून बाकीच्यांचे कंदील बघायची. त्यातच मंडळाने घोडबंदरच्या पुढे नवीन पार्क झालंय, तिकडे पोरांची सहल काढली. जान्हवीने पोरीला कबूल केलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत आपण तिकडच्या मोठ्या पाळण्यात बसायचं. अपूने तेच धरून ठेवलं. जेवेना, अंघोळ करेना, नुसतं पाळणा, पाळणा.

सौरभ म्हणाला, "बाबा, जा तिला घेऊन. एक दिवस खेळू दे. संध्याकाळी परत आलात की मी सांगतो, आईशप्पथ सांगतो. पण तोपर्यंत तिच्या कानावर काही जाता कामा नये."

भाजीवाल्याशी न बोलणारा हा माणूस त्यासाठी मंडळाच्या घराघरात गेला, हात जोडून. "बसमधे जान्हवीचा नाव काढू नका रे बाबांनो. चेडवाक एक दिस सुखाचो गावांदेत." पोरीला एक दिवस सुखाचा मिळू दे, एवढंच त्यांचं मागणं. मला तर इतकं बजावलं की मी उखडले. म्हटलं, "भाऊ, मी काय वेडी आहे का? तुमचं तुम्ही बघा."

सकाळी बस हायवेला उभी राहिली. अपू खिडकीशी, मी तिच्या शेजारी. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या मीच बांधलेल्या.

"प्रेमाआज्जी, आई गावावरून डायरेक्ट तिकडेच येणार ना?"

"बघू हां," म्हटलं मी. दुसरं काय म्हणू?

तेवढ्यात भाऊ नारळ घेऊन ड्रायव्हरजवळ उभे राहिले. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरांनी बस डोक्यावर घेतली.

"आज ही लेकरा खेळूक निघाली हत, तेंका सुखान ने आणि सुखान परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची नजर, कोणाचा वाकडा आसात, ता बारा वाटांनी दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवं होतं. पण भाऊंची लय लागली होती, आणि लय लागली की भाऊ भाऊ राहत नाहीत. आवाज एकदम खाली आला. "आणि ह्या माझ्या नातीची आवस तू घेवन गेलंस रे म्हाराजा. ती काय आता परत येवची नाय. ह्या बिनआवशीच्या चेडवाक आता तूच संभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अर्धी बस ओरडून मोकळी झाली, सवयीने. मग सगळ्यांच्या माना अपूकडे वळल्या.

भाऊंनी डोळे उघडले. त्यांचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. नारळ तसाच हातात. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, फोडा ना, लेट होतंय."

ते माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. मी वळून दातओठ खाल्ले. "काय केलंत हे भाऊ! अख्ख्या बसला हात जोडलेत ना तुम्ही?"

"माका कळूकच नाय गो. तोंडातून गेला." अपूकडे बोट केलं. "तेका समाजला काय गो?"

मी अपूकडे बघितलं. पुढच्या सीटवरच्या सम्यकने दिलेली चकली खात होती, बाहेर बघत. आवस म्हणजे आई, हे आमच्या चाळीतलं दुधपितं पोरही सांगेल. तरी मी म्हटलं, "नाही हो. एवढंसं पोर, तिला काय कळतंय." त्यांनाही तेच ऐकायचं होतं, आणि मलाही.

पार्कच्या गेटवर वॉचमनने माझे घावणे काढून ठेवले, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. एरवी मी त्याची शाळा घेतली असती. त्या दिवशी तशीच आत गेले. अपू कपबशीत बसली, बदकांच्या गाडीत बसली. एका झोपाळ्याशी लाकडी जोकर हात आडवा धरून उभा होता, त्याच्या हाताएवढी उंची नसेल तर बसू देत नाहीत. अपू बुटकी पडली. एका चॉकलेटसाठी रस्त्यात लोळण घेणारी ही पोरगी, गुपचूप बाजूला झाली. प्रत्येक खेळ झाला की भाऊ वाकून विचारायचे, "मजा इली गो बाय?" ती मान हलवायची. आई कधी येणार, हे तिने दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "आता आईचा पाळणा."

आम्ही तिघं एका डब्यात बसलो. भाऊंना उंचीची भीती, दोन्ही हातांनी दांडा धरलेला. खाली माणसं भरायला पाळणा थांबला, तेव्हा आमचा डबा नेमका सगळ्यात वर. लांबवर खाडी, बिल्डिंगा, मुंगीएवढ्या बस. अपूने माझा हात सोडला. हात जोडले, डोळे मिटले, अगदी आजोबांसारखे.

"बा देवा म्हाराजा!"

भाऊ हसले. सकाळपासून पहिल्यांदा. "व्हय म्हाराजा!"

"आम्ही मोठ्या पाळण्यात बसलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझी आई गावाला नाय गेली रे म्हाराजा."

भाऊंचं हसू तिथेच राहिलं. अपूने एक डोळा उघडला. "आजोबा, व्हय म्हणायचं असतं ना."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? सौरभ संध्याकाळी सांगणार होता. देवा, संध्याकाळपर्यंत तरी थांबायचं होतंस.

"व्हय म्हाराजा," भाऊ पुटपुटले.

"तू तिला घेऊन गेलास रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती आता परत येणार नाय रे म्हाराजा."

भाऊंचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून पाणी दांड्यावर पडत होतं. अपू डोळे मिटून, हात जोडून थांबली होती. कोणी व्हय म्हटल्याशिवाय ती पुढचं बोलणार नव्हती, आणि डोळेही उघडणार नव्हती.

शेवटी मीच म्हटलं.