सव्वीस वर्षांची गैरहजेरी

पत्र आलं त्या मंगळवारी हेल्का रोंकाइनेन मधमाश्यांच्या पेट्यांवर काम करत होती. सप्टेंबरची दोन तारीख. मध काढून झाला होता, आता हिवाळ्यासाठी माश्यांना साखरेचा पाक द्यायचा होता. रस्त्याकडेच्या टपालपेटीतून तिने लिफाफा काढला, त्यावर विद्यापीठाचं नाव पाहिलं आणि माजी विद्यार्थ्यांकडून काहीतरी मागत असतील असं समजून उभ्या उभ्याच फोडला.

मजकूर चार-पाच ओळींचा होता. डॉक्टरेटच्या विद्यार्थिनी हेल्का रोंकाइनेन यांनी चालू वर्षासाठी हजर किंवा गैरहजर अशी नोंद केलेली नाही. त्यांची यापूर्वी नोंदवलेली गैरहजेरी ३१ जुलैला संपली. १५ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत नोंद न झाल्यास त्यांचा अभ्यासाचा हक्क संपेल.

तिने ते तीनदा वाचलं. नाव तिचंच होतं, जन्मतारीखही. घरात येऊन ती टेबलाशी बसली ती तोंडावरची जाळी न काढताच. माश्यांना धूर द्यायचा डबा तिने हातातून टेबलावर ठेवला, आणि अर्ध्या तासाने नवरा आत आला तेव्हा मेणकापडावर वाटीएवढा तपकिरी डाग पडला होता. बाईचं लक्षच नव्हतं.

हेल्का पंचावन्न वर्षांची आहे. हाउकिलाम्पी गावात ती मधवाली म्हणून ओळखली जाते. ती एकेकाळी शहरात दलदलींवर पीएच.डी. करत होती हे जुन्या लोकांना माहीत आहे, पण तो विषय कुणी काढत नाही. दलदलीतून काढलेल्या काळ्या मातीच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीचे परागकण टिकून असतात. ते मोजून कुठल्या काळात कुठली झाडं होती हे शोधायचं, असं ते काम होतं. प्रबंधासाठी लागणाऱ्या चारपैकी दोन लेख छापून झाले होते. १९९८च्या ऑगस्टमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेलेली, भाऊ नॉर्वेत. हेल्काने एका वर्षाची रजा घेतली, म्हणजे 'गैरहजर' असा अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिला आणि गावी आली.

तो अर्ज दरवर्षी नव्याने द्यायचा असतो. १९९९च्या सप्टेंबरमध्ये वडील दुसऱ्यांदा इस्पितळात होते आणि तिची तारीख चुकली. लक्षात आलं तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते. एक फोन करून विचारता आलं असतं. पण स्वतः चूक करायची आणि वर लोकांचा वेळ घ्यायचा, हे तिला जमेना. मार्गदर्शक प्राध्यापक वाल्टोनेन शिस्तीचे कडक होते. नियम स्पष्ट होता: तारीख गेली की हक्क गेला. तिने वह्यांची खोकी सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर टाकली. पुढे वडील वारले, योउनीशी लग्न झालं, पेट्या पाचाच्या साठ झाल्या. का सोडलंस, असं कुणी चुकून विचारलंच तर ती सांगायची, तारीख चुकली. हे उत्तर तिला पुरत आलं होतं. ते खरंच आहे अशी तिची खात्री होती.

योउनीने पत्र वाचलं. तो ट्रक चालवतो, कागदांना बिचकत नाही. "म्हणजे चोवीस वर्षं मी एका विद्यार्थिनीबरोबर संसार करतोय," तो म्हणाला, "आणि एकदाही तिने बसचं सवलतीचं तिकीट काढलेलं नाही." ती हसली नाही. तेव्हा त्याने तिच्या डोक्यावरची जाळी काढून खिळ्याला अडकवली, कॉफी ठेवली आणि संगणकात कुणीतरी घोळ घातला असणार, असं सांगून टाकलं. तिलाही तसंच वाटत होतं. नाही, वाटावं अशी तिची इच्छा होती.

गुरुवारी ती दोन तास गाडी चालवत शहरात गेली. फोन तिने याही वेळी केला नाही.

विभागाच्या कार्यालयात ओत्सो नावाचा तिशीचा तरुण होता, या जागेवर आल्याला त्याला तीन महिने झाले होते. त्याने पडद्यावर तिची नोंद उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला. १९९८: गैरहजर. त्याखाली १९९९: गैरहजर. २०००: गैरहजर. अशा सत्तावीस ओळी, थेट गेल्या वर्षापर्यंत. जवळजवळ प्रत्येक नोंद ऑगस्टच्या उत्तरार्धातली. पहिली तिने स्वतः दिलेली. बाकीच्या सव्वीसांपुढे नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं तीच ती होती.

ओत्सो म्हणाला, "ही राइयाची. राइया सोइनिनेन. ती मे महिन्यात निवृत्त झाली. तुम्हीच तिला कळवत असाल ना दरवर्षी?"

हेल्काने नकारार्थी मान हलवली. ओत्सोने खुर्ची पुढे केली, ती तिने घेतली नाही. दर ऑगस्टमध्ये तिसऱ्या शनिवारी शहराच्या चौकात मोठा बाजार भरतो. हेल्का तिथे मध विकते. आणि दर ऑगस्टमध्ये विभागाची सेक्रेटरी राइया येऊन दोन बरण्या घेते, एक फायरवीड या रानफुलाच्या मधाची, एक रास्पबेरीच्या. पाऊस कसा झाला, माश्या कशा आहेत, गुडघा कसा आहे. पाच मिनिटं. विद्यापीठाचं नाव त्या पाच मिनिटांत कधी निघालं नव्हतं, आणि हेल्काला तो तिचा मोठेपणा वाटायचा.

राइया तळ्याकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हेल्का तिथून थेट तिच्याकडे गेली. दार उघडल्यावर राइयाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने पायातले जोडे काढायला जागा करून दिली, कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. टेबलावर यंदाची बरणी अर्धी झालेली होती.

मग राइयाने सांगितलं. १९९९ साली हेल्काचा अर्ज आला नाही. तिने प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले, जाऊ दे, ती काही परत येत नाही. राइयाला ते पटलं नाही. बाप आजारी असलेल्या मुलीने तारखा लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षाच तिला चुकीची वाटली. तिने अर्ज स्वतःच भरला आणि मुदत संपण्याआधी गठ्ठ्यात ठेवून दिला. नियमात ते बसत नव्हतं. पुढच्या ऑगस्टमध्ये बाजारात हेल्का दिसली.

"बरी दिसलीस," राइया म्हणाली. "म्हणून लिहिलं. मग तेच अंगवळणी पडून गेलं. बाजारात जायचं, तू आहेस का बघायचं, सोमवारी ऑफिसात येऊन लिहायचं. मेली असतीस तर लिहिलं नसतं."

"फक्त माझंच?"

"चौघं होती. दोघं परत आली. एक वारला. तू उरलीस." पुढे नोंदणी संगणकावर गेली. तेव्हापासून नोंदीची पोच विभागातल्या हेल्काच्या जुन्या ईमेलवर जात होती. तो पत्ता बंद करायचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं.

हेल्काने कप खाली ठेवला. आभार मानायला हवेत हे तिला कळत होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "राइया, अजून तीन आठवडे झाले नाहीत. तू माझ्यासमोर उभी होतीस. मे महिन्यात नोकरी संपली, आता कुणी लिहिणार नाही, हे तुला माहीत होतं. आणि तू माझ्याशी रास्पबेरीवर बोललीस?"

"हो."

"का?"

राइयाने खिडकीकडे पाहिलं. "तू कधी विषय काढला नाहीस. मला वाटलं, तुला त्रास होत असेल. दुसऱ्याच्या दुखण्यात आपण कशाला बोट घालायचं? म्हटलं, तिला हवं असेल तर ती विचारेल. यंदा तर मी दोनदा आले. एकदा तू बरणी पुसत होतीस, मला वाटलं, आता बोलशील."

"मला वाटायचं, तू माझी लाज राखतेस."

"तेच तर करत होते."

सव्वीस वर्षांत पाच-पाच मिनिटं. सगळी मिळून दोन तास दहा मिनिटं होतात; परतीच्या रस्त्यात हेल्काने हिशेब केला आणि तेवढ्यासाठी तिला गाडी कडेला घ्यावी लागली. राग राइयावर नव्हता, असं ती नंतर योउनीला म्हणाली. राग कुणावर आहे तेच सापडत नव्हतं. दार बंद आहे असं धरून तिने एक आयुष्य उभं केलं होतं, आणि ते काही वाईट नव्हतं. पण दार बंद कुणी केलंच नव्हतं. तिने कडी हलवून पाहिली नव्हती, इतकंच. तारीख चुकली, हे उत्तर आता कुणालाही देता येणार नव्हतं. स्वतःलाही नाही.

दहा दिवस ती त्यावर बोलली नाही. योउनीनेही विचारलं नाही, एकदा विचारायला तोंड उघडलं आणि लाकडं आणायला गेला. शनिवारी तिने माळ्यावरची खोकी उतरवली. उंदरांनी एक खाल्लं होतं, तीन शाबूत होती. वह्यांतलं अक्षर तिला तिऱ्हाइताचं वाटलं, नीट, उतावळं. एका पानावर ओळखता न आलेल्या परागकणाचं चित्र होतं आणि शेजारी प्रश्नचिन्ह. तो कुठल्या फुलाचा, ते तिला आता बघताक्षणी कळलं. ज्या रास्पबेरीच्या मधाने तिचं पोट भरत होतं, त्याच जातीचा.

सोमवारी, पंधरा तारखेला, ती दुपारी अडीचला संगणकापुढे बसली. बँकेचा ओळख-संकेत टाकून विद्यापीठाच्या नोंदणीच्या पानावर शिरली. पडद्यावर दोन चौकटी होत्या: हजर, गैरहजर. दुसरीवर बोट ठेवलं तर सगळं होतं तसंच पुढे चालू राहिलं असतं, फक्त या वेळी तिच्या हाताने. योउनी अंगणात विनाकारण लाकडं फोडत होता. एवढी लाकडं कुणाला लागणार होती, देव जाणे.

पावणेतीन वाजता हेल्काने फोन उचलला.

"मी हेल्का रोंकाइनेन," ती म्हणाली. "त्या गुरुवारी येऊन गेले ती. मला एक विचारायचंय."

ओत्सो म्हणाला, विचारा.

"हजर लिहिलं, तर पहिल्या दिवशी यायचं कुठे? माझे प्राध्यापक तर वारले."

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, ओत्सो म्हणाला, त्याला नक्की माहीत नव्हतं. कुणालातरी विचारून सांगतो, फोन ठेवू नका. त्याच्या खुर्चीचा आवाज आला, मग पावलांचा. लांबून कुणाला तरी तो तिचं नाव सांगत होता, आणि दोनदा सांगावं लागलं.

घड्याळात दोन पंचावन्न झाले. दोन अठ्ठावन्न. ओत्सो अजून परतला नव्हता. हेल्काने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि डाव्या हाताने पहिल्या चौकटीत खूण केली.