मनीप्लांटवर डोळा

आमच्या दारच्या नारळावर मनीप्लांट चढलाय. त्याची पानं सुपाएवढी झालीत. ओतूरच्या स्टँडकडे जाणारी एक बाई रोज कुंपणापाशी थांबायची, पदर सारखा करायची आणि एखादं पान वितीने मोजायची. तिच्या पिशवीतून विळ्याची मूठ दिसायची. हिचा डोळा आपल्या वेलावर आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण अनोळखी माणसाशी बोलायला माझी जीभ रेटत नाही. ती जाईपर्यंत मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे.

काल ती जाईचना. मीही उठले नाही. शेवटी कसंबसं विचारलं, "काय पाहिजे?"

"वेलाचं एक पेर. नव्या घराचं दार लई भकास दिसतंय."

"मग मागायचं की. देते."

"नगं, नगं! दिलेलं लागत न्हाई, बाई. तिघींनी दिलं, तिन्ही येळंला वाळलं. चोरलेलंच लागतं. तुमी जरा आत जावा की!"

असा चोर मी कधी पाहिला नव्हता. मी आत गेले, की ही सगळा वेल ओढून नेणार, असंच वाटत होतं. तरी गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, एकच पेर कापलं आणि पदराखाली धरलं. तेवढ्यात तिची नजर दाराकडे वळली. मी बघतेय हे तिला कळलं असतं, तर ती चोरी राहिली नसती आणि हेही पेर वाळलं असतं. मी श्वास रोखून तशीच उभी राहिले.