टेबलफॅनचा वारा

मी नौपाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. डोंबिवलीहून येते, बावीस वर्षं झाली, आणि माझा स्वभाव तिखट आहे हे मुलं पहिल्याच आठवड्यात ओळखतात. पुस्तकातलं पाठ करून घ्यायचा मला भारी कंटाळा. म्हणून दरवर्षी नववीला पवनचक्की करायला लावते. पीव्हीसी पाइप कापून पाती, मोडक्या प्रिंटरमधली मोटर आणि तिला जोडलेला एक बारकासा एलईडी. पातं चुकलं की दिवा लागत नाही, मग भांडणं, मग पुन्हा कापाकापी. वर्ग तेव्हा कुठे जागा होतो.

त्या वर्षीच्या गटात कळव्यापलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली मुलगी होती. तिच्या आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागर कधीच बंद झालं, आजोबा खाटेला खिळले. शाळेत काय केलं ते ही रोज त्यांना सांगायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप घेऊन यायची.

"बाई, आजा बोलतो, पाती रुंद पायजेत. खाडीचा वारा संध्याकाळी हल्लू येतो. अरुंद पातं उठणारच नाय."

जन्मभर वाऱ्यावर मीठ वाळवलेला माणूस तो. त्याचं ऐकून तिने चांगली पंज्याएवढी रुंद पाती कापली.

पण आमच्या विज्ञान प्रदर्शनांची एक रीत आहे. हॉलमध्ये वारा नसतो. म्हणून प्रत्येक पवनचक्कीसमोर एक टेबलफॅन मांडायचा आणि परीक्षक आले की तीन नंबरचं बटण दाबायचं. दोन मिनिटांत दिवा लखलखला तर ठीक, नाहीतर ते पुढच्या टेबलाला. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं पवनचक्क्या करतो त्या टेबलफॅनसाठी, हे कधी कुणाला खटकलेलं नाही. फॅनसमोर तिची रुंद पाती आळसावून फिरली, दिवा मिणमिणला. मी अरुंद पाती कापायला लावली. ती भिंगरीसारखी सुटली.

"बाई, पण असा वारा कुठे असतो?"

"प्रदर्शनात असतो," मी फटकन म्हणाले. वर्ग हसला. तीही हसली बिचारी. रुंद पाती तिने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली.

तालुक्याला आमचा पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटताना ती प्रयोगशाळेत आली.

"बाई, उद्याचा दिवस चक्की घरी नेऊ? आजाला बघायचीय. डॉक्टरांनी काही खरं नाही म्हणून सांगितलंय. खाटेवरून बांध दिसतो, तिथे लावेन. सोमवारी नक्की आणते, देवाशप्पथ."

जिल्ह्याचं प्रदर्शन पुढच्याच आठवड्यात होतं. रिक्षात पातं मोडलं तर? वायर तुटली तर?

"जिल्हा होऊ दे," मी म्हणाले, "मग कायमची घेऊन जा."

कपाटाला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि डोंबिवलीला निघून गेले. तिने हट्ट केला नाही. केला असता तर मी दिली असती का? छे, उलट रागावलेच असते. खोटं कशाला बोलू.

सोमवारी ती आली नाही. आजोबा रविवारी संध्याकाळी गेले होते.

जिल्ह्याला गटातले दुसरे दोघे उभे राहिले. दुसरा नंबर आला. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं, पेढे वाटले. माझा पेढा मी शिपायाला देऊन टाकला.

बारावं झाल्यावर एका रविवारी चक्की मांडीवर धरून मी रिक्षाने तिच्या गावी गेले. ओटीवर खाट तशीच होती, वरची गादी काढलेली. मला वाटलेलं, कुणीतरी चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. तिच्या आजीने "इतक्या लांबून आल्या बाई" म्हणत चहा टाकला.

संध्याकाळी आम्ही दोघींनी बांधावर चक्की रोवली. वारा होता. माझी ओढणी हलत होती, खाडीतली तिवरं हलत होती. पाती मात्र ढिम्म. मी बोटाने ढकलली, एक गिरकी घेऊन पुन्हा थांबली. जिल्ह्यात दुसरी आलेली पवनचक्की!

ती घरात गेली आणि वर्तमानपत्राचं ते पुडकं घेऊन आली. आजोबांनी ते उशाशी ठेवून घेतलं होतं म्हणे. तिने स्क्रू काढले, रुंद पाती बसवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक पातं हळूच उठलं, मागून दुसरं, आणि चक्की फिरायला लागली. दिवा लागला. उजेड अजून होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी त्याला आडोसा धरला.

मला रडू आवरेना. बावीस वर्षं मुलांना ओरडून सांगतेय, आधी वारा बघा, मग पातं कापा. आणि मीच बघितला नव्हता.

ती घराकडे बघत होती. बांधावरून ओटीवरची रिकामी खाट स्वच्छ दिसत होती.

"बाई," तिने विचारलं, "तिथून दिसला असता ना हा?"

"हो गं," मी म्हणाले. "दिसला असता."